हारू

जपानी भाषेत 'हारू' म्हणजे वसंत. हे मला कळलं तेव्हा माझ्या दाजींचा डावा कान गेलेला होता, आणि तो मीच घालवला होता. खोटं कशाला बोलू? दोन थपडा मारल्या. पैलवानाच्या थपडा होत्या त्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. कोल्हारच्या पलीकडं, प्रवरेच्या काठाला आमचं गाव, आणि आक्काला गावातच दिलेली. दाजींचा लाऊडस्पीकरचा सेट होता. एक मशीन, दोन भोंगे, तारांची वेटोळी आणि पत्र्याच्या ट्रंकेत रेकॉर्डी. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, दाजी सायकलला भोंगा बांधून हजर. माणूस काडीसारखा, बोलायला मऊ, पण कान असा की शेजारच्या गावात कुणी रेकॉर्ड लावली तरी अंगणात बसून सांगायचे, सुई झिजलीय त्याची. आणि खरंच झिजलेली असायची. त्यांची भाकरी कानावर चालायची, आणि त्यांचं सुखही कानातच होतं.

मी त्यांच्या अगदी उलट. बाविशीतला पैलवान, राग नाकाच्या शेंड्यावर. 'ए जाड्या, आत सरक' म्हणाला म्हणून एका कंडक्टरला मी एसटीतून कॉलर धरून खाली ओढला होता. तालमीत एका जोडीदाराचं बोट मोडलं, तर वस्तादांनी ओल्या शिमटीनं पाठ सोलून काढली. तरी सुधारलो नाही. हात आधी पोचायचा, डोकं मागनं चालत यायचं. झोपायला तालमीत आणि खायला आक्काकडं, असा माझा कारभार. तिच्या म्हशीच्या दुधावर मी पोसलेला. दाजी काळा चहा पीत बसायचे आणि दुधाची चरवी माझ्यापुढं सरकवायचे. हे मला त्या वेळी दिसत नव्हतं. दूध दिसायचं, माणूस दिसायचा नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा चैत्र. त्याच्या आधी सहा महिने जवळच्या साखर कारखान्यावर कसलंसं नवं यंत्र बसवायला एक जपानी साहेब आला होता. त्याच्याकडं पेटीएवढा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याचा पट्टा तुटला आणि कुणीतरी दाजींचं नाव सांगितलं. दाजींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली आणि ते यंत्र पुन्हा फिरायला लागलं. साहेबानं म्हणे कमरेत वाकून नमस्कार केला. दाजी घरी येऊन आक्काला तो नमस्कार करून दाखवत होते. मग दर रविवारी दाजी सायकल मारत कारखान्यावर जायचे आणि दोघं बसून गाणी ऐकायचे. ह्याला त्याची भाषा येत नाही, त्याला ह्याची येत नाही. कारखान्यातला एक केमिस्ट साहेबाबरोबर राहून चार शब्द शिकला होता, तो मधे बसून सांगायचा.

जाताना साहेबानं तीन रेकॉर्डी दिल्या. त्यांच्या मधलं भोक एवढं मोठं की आपल्या मशीनवर बसेनात. दाजींनी कडुलिंबाच्या फळकुटाची चकती कानस मारून मारून केली, पंधरा दिवस तोच उद्योग. एका रेकॉर्डीवर बाई गायची, अगदी हळू. दुसरीवर ढोलाच्या साथीनं पाच-सहा जणांचं एकत्र गाणं. आणि तिसरी म्हणजे नुसता दणका. विजेची गिटार, ढोल, आणि एक पोरगा घसा फाडून ओरडतोय. तिच्या पाकिटावर एक झाड होतं, पान एक नाही आणि फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या, खाली तीन केसाळ पोरं उभी. आक्का म्हणाली शेवगाच हाय हा. गाण्यात 'साकुरा, साकुरा' आलं की ती हसायची. साखर कारखान्यावरचा साहेब, तो साखरेचीच गाणी म्हणणार.

दाजी मात्र त्या झाडापायी वेडे झाले. केमिस्टनं त्यांना सांगितलं होतं की साकुरा हे त्या फुलाचं नाव. वर्षातनं आठ-दहा दिवस फुलतं, वारा आला की गळून जातं. तेवढ्यासाठी तिथली माणसं सतरंज्या घेऊन झाडाखाली जाऊन बसतात, आणि दर वर्षी तरणी पोरं त्याच्यावर नवी गाणी करतात. कुणी शाळा सोडून चाललंय, कुणी गाव सोडून चाललंय, कुणाची पोरगी दुसऱ्याला दिली, सगळं त्या फुलाखाली. दाजी हे दिसेल त्याला सांगत सुटले. माझी दुधाची चरवी तोंडाला होती तेव्हा मलाही म्हणाले, पाव्हणं, ह्या दणक्याच्या गाण्यात काय म्हनत्यात ठावं हाय का? मी म्हणालो, न्हाई, आनि सांगू बी नका. मला कुस्ती हाय. दाजींनी रेकॉर्ड पाकिटात घातली. तेवढं एक वाक्य त्या दिवशी ऐकून घेतलं असतं तर! पण आधीच मी, त्यात पुढं शेवगावकडच्या पैलवानाबरोबर जोड ठरलेली.

त्या पैलवानानं मला मागल्या साली त्याच्या गावच्या जत्रेत पाडलं होतं. वस्ताद म्हणाले होते, औंदा त्याला चितपट कर, मी तुला कोल्हापूरला पाठवतो. न्हाई केलंस तर तुझा तू मोकळा. म्हणून ते आठ दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. रात्रंदिवस त्याची मान माझ्या काखेत आहे असं मला वाटायचं.

आमच्या जत्रेतला कुस्त्यांचा हगामा नदीच्या कोरड्या पात्रात भरतो. देऊळ वर, थडीवर. दाजींचं मशीन देवळाच्या मागल्या ओवरीत, कारण वीज तिथं आणि सावलीही तिथंच. तिथनं खाली आखाडा दिसत नाही, मधे देवळाची भिंत. एक भोंगा देवळावर आणि दुसरा तार ओढून थेट आखाड्याच्या डोक्यावर बांबूला बांधलेला. रीत अशी की कुस्ती चालू असताना भोंगा बंद, नुसती हलगी. कुस्ती निकाली झाली की मग एखादी रेकॉर्ड.

शेवटची कुस्ती आमची. शड्डू ठोकला तेव्हा ऊन डोक्यावरनं कललं होतं. पहिल्याच सलामीला त्यानं माझ्या मानेवर अशी कोपरखळी घातली की डोळ्यापुढं काजवे चमकले. मीही त्याच्या कानावर मनगट घासलं, कातडी निघाली. पंचांनी दोनदा सोडवलं. पाव तास नुसती झोंबाझोंबी, माती तोंडात, रक्त ओठावर. मग तो माझ्या पायात शिरायला वाकला आणि मी त्याच्या पाठीवर स्वार झालो. कब्जा माझा. एक हात त्याच्या लंगोटात, गुडघा बरगडीत. त्याचा श्वास तुटत चाललेला मला माझ्या छातीला कळत होता. मी त्याला अर्धा फिरवला. एक खांदा मातीला लागला. अख्खं गाव उठून उभं राहिलं आणि अशी आरोळी झाली की हलगी ऐकू येईना.

आणि डोक्यावरचा भोंगा फुटल्यासारखा वाजायला लागला.

आधी गिटारीचा करकराट, मग ढोल, मग तो पोरगा. मला त्या सगळ्या आरडाओरड्यात एकच शब्द ऐकू आला. हारू. पुन्हा हारू. घसा ताणून, लांबवून, हाऽरू. आता आपल्या माणसाला हारू म्हटल्यावर काय कळणार? आपण हारू. शेवगावची माणसं पलीकडच्या थडीला बसलेली. त्यांच्यातल्या एकानं टाळी देऊन गाण्याच्या सुरात सूर मिळवला, हारू, हारू. मग शंभर जणांनी. माझ्या गावचीही काही माणसं हसली, मी हसताना पाहिलं. आणि माझ्या डोक्यात एकच आलं की हे मशीन दाजींचं आहे. माझा दाजी माझ्याच गावात, माझ्याच कुस्तीत, भोंग्यावरनं सांगतोय की आपण हारू.

हात ढिला पडला. किती वेळ, तर डोळा मिटून उघडावा एवढा. तेवढ्यात तो खालनं मासळीसारखा सुटला, माझी मान धरली आणि मला उचलून आपटलं. पाठ लागली. वर पाहिलं तर भोंगा, आणि त्यातनं अजून तेच.

त्या पैलवानानं मला उठवायला हात दिला. चांगला माणूस होता बिचारा. मी तो हात धरून उठलो आणि कपाळ त्याच्या नाकावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. मग काय, पलीकडची थडी अंगावर आली. दगड, चपला, काठ्या, हलगीवाल्याच्या हातातली हलगीसुद्धा कुणीतरी डोक्यात घातली. आमच्या माणसांनी बैलगाड्यांच्या जुवातल्या लाकडी शिवळा उपसल्या. एकाचा दात माझ्या पायापुढं पडला. मी त्या मारामारीत थांबलो नाही. जो आडवा आला त्याला ढकलला, तुडवला आणि थडी चढून देवळामागं गेलो.

दाजी मशीनपाशी उकिडवे बसले होते. मला बघून उठले. हसत होते. ते हसणं बघून माझा उरलासुरला तोल गेला. ते काहीतरी बोलायला लागले तेवढ्यात मी दोन्ही पंजे दोन्ही बाजूंनी त्यांच्या कानांवर हाणले. एकदा. ते खाली बसले. मग डाव्या कानावर आणखी एकदा. तोंडानं शिव्या चालूच होत्या. आखाड्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडत होतो, माझ्या ताटातलं खाऊन मला हारू म्हनता. ताट कुणाचं होतं ते आक्का जाणे! रेकॉर्ड मशीनवरनं ओढून गुडघ्यावर मोडली. मशीनला लाथ घातली, आतल्या काचा फुटल्या. दाजी दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते आणि डाव्या हाताच्या बोटांमधनं रक्त येत होतं, बारीक, पाण्यासारखं.

आक्का कधी आली मला कळलं नाही. तिच्या हातात पितळेचा तांब्या होता. तो तिनं माझ्या भुवईवर घातला, पुन्हा उचलला आणि पुन्हा घातला. मी तिचा हात धरला नाही. ती एक शब्द बोलली नाही. नंतर कितीतरी महिने नाही बोलली.

तिसऱ्या दिवशी देवळापुढं बैठक बसली. शेवगावकडची सहा माणसं दवाखान्यात, आमची चार. गावाची इज्जत गेली ती गेली, आता खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं एवढाच प्रश्न. माझ्यावर कुणी फोडेना, मी गावचा पैलवान. सगळ्यांचं मत पडलं की आग लावली ती त्या रेकॉर्डीनं. कुस्ती चालू असताना लावलीच का? आणि लावली ती हारू म्हणणारी? एक म्हातारा म्हणाला, आपलेच दात आनि आपलेच ओठ. दुसऱ्यानं तर बोलून दाखवलं की समोरच्या गावानं फितवला असेल. दाजी खाली बसले होते, डाव्या कानात कापसाचा बोळा, मान एका बाजूला कलती. जो बोलेल त्याच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं माणूस अपराधी आहे, म्हणून असं बघतोय.

जत्रेला आलेला तो केमिस्ट मारामारीत अडकून गावातच राहिला होता. तो उठून उभा राहिला. हात जोडून म्हणाला की तुमच्या भांडणात मी पडत नाही, पण हारू ही शिवी नाही. हारू म्हणजे त्यांच्याकडं वसंत. आपला चैत्र. साकुरा फुलतो तो महिना. ते पोरगं म्हणतंय, वसंत आला.

कुणीतरी फिसकन हसलं. मी बसलो होतो तिथली फरशी एकाएकी थंड लागायला लागली. तरी मी मनात म्हणत होतो, असेल वसंत. पण कुस्तीच्या मधे कशाला लावावी? हेच सरपंचांनी दाजींना विचारलं. दाजींनी उत्तर दिलं नाही. सरपंचांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. दाजींनी उजवा कान हातानं पुढं केला. मग आक्का पुढं झाली, त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि प्रश्न त्यांच्या कानात सांगितला.

"आरोळी आईकली मी," दाजी म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे, उगीच मोठ्यानं. "मला वाटलं, पाव्हणं जिंकलं. जिंकलं की लावायची म्हनून ती येगळी काढून ठिवली हुती."

बैठक तिथंच मोडली. कुणी काही ठरवलं नाही. माणसं धोतराला लागलेली माती झटकत निघून गेली आणि मी बसून राहिलो.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डावा कान गेला. उजव्यात थोडं आहे, तेही कमीच होत जाईल. कोल्हापूर राहिलंच. वस्तादांनी माझी वळकटी तालमीबाहेर ठेवली आणि एवढंच म्हणाले की हात उचलायला अक्कल लागत न्हाई, आवरायला लागते. दाजींनी मशीन नीट करून घेतलं, दोन लग्नांत वाजवलं. पण माईकला भोंगा लागून शीळ मारायला लागला तरी ह्यांना ऐकू येईना. वऱ्हाडी कान झाकून ओरडायचे आणि हे आपले शांत उभे. तिसऱ्या लग्नाला कुणी बोलावलं नाही. आक्काच्या शेजारणीनं मला सांगितलं की दुपारचे ते उरलेल्या दोन रेकॉर्डी लावतात आणि मशीनच्या पेटीवर पंजा ठेवून बसतात. ढोल हाताला लागतो म्हणे, गाणारा लागत नाही. हे ऐकून मी भिंतीवर डोकं आपटलं. तेवढंच येत होतं मला, आपटणं.

पुढं पाऊस पडलाच नाही. विहिरी आटल्या, सरकारी कामं निघाली, मी खडी फोडायला जायला लागलो. दिवसभर हातोडा. प्रत्येक दगडावर मी स्वतःला मारत होतो असं म्हटलं तर चांगलं दिसेल, पण तसं काही नव्हतं. दगड फुटत नव्हता आणि मला दगडाचाही राग येत होता. रागानं पाठ सोडलीच नव्हती. फक्त एक झालं होतं, हात उचलला की दाजींच्या बोटांमधनं येणारं रक्त दिसायचं. खडीवर एका मुकादमानं माझ्या आईवरनं शिवी दिली. मी हातोडा उचलला, त्याच्या कानापाशी नेला. खाली ठेवला. मुकादमाला वाटलं मी भ्यालो.

पुन्हा चैत्र आला. ना पान, ना फूल, नुसता फुफाटा. एका संध्याकाळी मी आक्काच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. दाजी बाजेवर बसले होते. आक्कानं मला पाहिलं आणि भाकरी थापत राहिली. मी दाजींच्या पायाशी बसलो. वर्षभर जे म्हणायचं होतं ते म्हणालो. पण कसं म्हणालो? मान खाली, ओठातल्या ओठात, जसं कुणीही म्हणेल तसं. दाजी, माझं चुकलं.

दाजी हसले. म्हणाले, "व्हय, औंदा ऊन लई हाय."

माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि रागही आला, स्वतःचा. उठायला लागलो. तेव्हा चुलीपुढनं आक्का बोलली, वर्षात पहिल्यांदा.

"मोठ्यानं म्हन. मारलंस तवा साऱ्या जत्रेला ऐकू गेलं. आता का जीभ टाळ्याला चिकटली?"

शिव्या घालायला माझ्या छातीत वारा कधी कमी पडला नव्हता. माफीला पडत होता. आक्का बघत होती. मग मी दाजींच्या उजव्या बाजूला गेलो, त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि सगळा जीव एकवटून ओरडलो. मी तुमचा कान फोडला. तुमी माझ्यासाठी गाणं लावलं आनि मी तुमचा कान फोडला. माझं चुकलं, दाजी. आवाज माझा तो, आखाड्यातला. त्याला माफी मागायची सवय नव्हती, तो धमकीसारखाच निघाला.

दारात पावलं वाजली. गल्लीतली माणसं धावत आली होती. त्यांनी काय पाहिलं, तर मी दाजींना खांद्याला धरून हलवतोय आणि तोंडावर ओरडतोय. त्यांचंही काय चुकलं? शेजारच्या म्हाताऱ्यानं हातातला दांडका माझ्या पाठीत घातला. दुसऱ्यानं केस धरून मागं ओढलं, कुणाची तरी लाथ पोटात बसली. मी जमिनीवर पडलो. एका वर्षापूर्वी चौघांना लोळवलं असतं. हात उचलला नाही. दुसरा दांडका खांद्यावर बसला, तिसरा बसणार तोच वरनं कुणीतरी माझ्या अंगावर आडवं पडलं. हलकं, काडीसारखं अंग.

"मारू नका त्याला," दाजी म्हणत होते. "माफी मागतोय त्यो."

म्हातारा दांडका खाली करून म्हणाला, माफी? मग येवढं बोंबलायचं कशाला? आक्कानं तोंडात पदर कोंबला होता. दाजींनी मला धरून बसतं केलं, माझ्या केसातली माती झाडली. मग उजव्या कानामागं हात धरला आणि वाकून म्हणाले, "पाव्हणं, अर्धंच ऐकू आलं. राहिलेलं सांगा."

अंगण भरलं होतं. दारात बाया, कुडावर पोरं, म्हातारा तसाच दांडका घेऊन उभा. मी ते सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून, ओरडून सांगितलं.